चहाच्या कपाने मोजलेलं रक्त : एका हमालाचं प्रकरण

माझ्या ओपीडीच्या टेबलाच्या खणात चिनी मातीचा एक चहाचा कप असतो. कान तुटलेला. खोकल्यातून रक्त पडलं म्हणून कोणी आलं की माझा पहिला प्रश्न असतो, ‘किती पडलं?’ उत्तर येतं ‘लई’, नाहीतर ‘थोडंसंच’. दोन्हींचा काही उपयोग नाही. मग मी कप काढतो. याचा तळ झाकला असता का? अर्धा भरला असता का? की काठोकाठ? या कपात काठापर्यंत १०० मिली पाणी मावतं, मी सिरिंजने मोजून घेतलंय.

ही सवय ज्यांच्यामुळे लागली ते सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे एक हमाल. वय ५१. वॉर्डात सगळे त्यांना मामा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला मामी, म्हणून इथेही तेच. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत. आजार आणि त्याची चाल मात्र होती तशीच ठेवली आहे.

जानेवारी २०२४, सोमवार. ओपीडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मामा बाकावर पुढे वाकून बसलेले, तोंडाशी टॉवेल. मामींच्या हातात कपड्याच्या दुकानाची जाड कॅरीबॅग आणि तिच्यात एक्स-रेची मोठी पाकिटं. अशी कॅरीबॅग दिसली की मला हायसं वाटतं. आमच्याकडे रुग्णाचा खरा इतिहास तिच्यातच असतो, केसपेपरवर नाही.

“किती पडलं?”

“लई पडलं बगा.”

“लई म्हणजे?”

मामींनी क्षणभर विचार केला. “कपबशीतला कप असतोय न्हवं, त्यो भरून. तिन्हीसांजंला. आन् रातच्याला परत अर्धा. टॉवेलात मुरलं ते येगळंच.”

इतकं नेमकं उत्तर मला त्याआधी कोणी दिलेलं नव्हतं. साधारण दीडशे मिली, बारा तासांत. आणि हे दोघं दुष्काळी पट्ट्यातल्या त्यांच्या गावाहून चाळीस किलोमीटर पहाटेच्या एसटीने आले होते. रात्रीच का नाही निघालात, १०८ ला फोन का नाही केला, असं विचारल्यावर मामा पहिल्यांदा बोलले. “टीबीचंच हाय की डॉक्टर. गोळ्या चालू हायत. म्हटलं थांबंल.”

हे सगळं प्रकरण त्या एका वाक्यात आहे. रक्त म्हणजे टीबी, टीबी म्हणजे गोळ्या, गोळ्या चालू आहेत म्हणजे काळजी नाही. हे समीकरण एकट्या मामांचं असतं तर त्यांना समजावून भागलं असतं. पण ते तेरा वर्षांत आम्ही डॉक्टरांनीच त्यांच्या डोक्यात घट्ट बसवलं होतं.

कॅरीबॅग उलगडली. सर्वांत खालचा एक्स-रे २०११चा. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात मोठा डाग आणि डागाच्या मध्ये खळगा. तेव्हा बेडक्यात टीबीचे जंतू सापडले होते, त्याचा कागदही होता. सरकारी उपचार सुरू झाले. त्या काळी डॉट्सच्या गोळ्या एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा, समोर बसवून द्यायचे आणि प्रत्येक रुग्णाच्या नावाचा औषधांचा खोका वेगळा असे. मामांनी सहा महिन्यांत एकही खाडा केला नाही. शेवटचा बेडका निगेटिव्ह. म्हणजे टीबी बरा झाला, अगदी नियमाप्रमाणे.

पण टीबी बरा होणं वेगळं आणि फुफ्फुस पूर्ववत होणं वेगळं. जंतू मेले तरी त्यांनी पोखरलेली जागा भरून येतेच असं नाही. घर जळून विझल्यावर भिंती उभ्या राहतात, छप्पर परत येत नाही. मामांच्या उजव्या फुफ्फुसाच्या शेंड्याला लिंबाएवढी पोकळी राहिली आणि आसपासच्या श्वासनळ्या ओढल्या जाऊन वेड्यावाकड्या झाल्या. हे त्यांना कोणी सांगितलं नाही. ‘तुम्ही बरे झालात’ एवढंच सांगितलं.

२०१९च्या थंडीत बेडक्यात रक्ताचे धागे दिसले. गावच्या डॉक्टरांनी पाच दिवसांचं अँटिबायोटिक आणि खोकल्याचं औषध दिलं, रक्त थांबलं. २०२२ मध्ये पुन्हा धागे, मग चमचाभर. या वेळी तालुक्याच्या गावी एक्स-रे निघाला. डाग दिसला. डाग तर २०११ पासून होताच, पण जुना एक्स-रे कोणी मागितला नाही आणि बेडका कोणी तपासला नाही. कागदावर लिहिलं गेलं ‘कॉक्स’. (डॉक्टर मंडळी रुग्णासमोर टीबी हा शब्द टाळायला कॉक्स म्हणतात. आता रुग्णांनाही तो कळतो, तरी म्हणतात.) सहा महिने एकेटी, म्हणजे टीबीविरोधी औषधं. मधल्या काळात रक्त थांबलं, म्हणजे ‘औषध लागू पडलं’.

इथे थोडं थांबतो, कारण ही फसगत फार जुनी आहे. खोकल्यातलं थोडं रक्त बहुतेक वेळा आपोआप थांबतं. तुम्ही एकेटी द्या, अडुळशाचा काढा द्या, मंतरलेला दोरा बांधा, काहीच देऊ नका, ते थांबेल. त्याचं श्रेय त्या आठवड्यात जे चालू असेल त्याला मिळतं. आणि पुन्हा पडलं की तेच औषध आठवतं. डिसेंबर २०२३ मध्ये मामांना पुन्हा रक्त पडलं, तेव्हा तिसऱ्यांदा एकेटी सुरू झाली. आमच्याकडे आले तेव्हा तिला तीन आठवडे झाले होते.

एकेटीतल्या रिफाम्पिसिनमुळे लघवी केशरी होते हे घेणाऱ्याला सांगतात, पण थुंकी, घाम, डोळ्यातलं पाणीही रंगतं हे सांगायचं राहतं. मामा मधल्या काळात केशरी थुंकी बघून घाबरायचे आणि नंतर त्या रंगाला इतके सरावले की खरं लाल दिसलं तेव्हा दोन दिवस त्यांनी लक्षच दिलं नाही.

आधी हे रक्त फुफ्फुसातलंच आहे याची खात्री करायला हवी होती. मामा तंबाखू-चुना खाणारे, हिरड्या खराब. नाकाचा घोळणा फुटून रक्त घशामागे उतरलं आणि खाकरल्यावर तोंडात आलं, असंही होतं. सकाळी चूळ भरताना लालसर दिसतं ते बहुधा हिरड्यांचं. जठरातून येणारं रक्त उमाळ्याबरोबर, उलटीतून येतं, बरेचदा काळपट, कॉफीच्या भुकटीसारखं, आंबूस वासाचं, अन्नाचे कण असलेलं, आणि मागून शौचाला डांबरासारखी काळी होते. फुफ्फुसातलं रक्त खोकल्याबरोबर येतं, लालभडक, फेसाळ, बेडक्यात कालवलेलं. लोक दोन्हींना ‘रक्ताची उलटी’ म्हणतात आणि त्यामुळे कितीतरी जण आधी दुर्बिणीने पोट तपासून घेतात. मी टॉवेल उलगडून पाहिला. लाल, फेस वाळून कडेला पांढुरकी रेघ उमटलेली. शंका उरली नाही. मामींनी अजून एक गोष्ट सांगितली, तीही उपयोगाची. खोकल्याच्या आधी मामांना उजवीकडे छातीत ‘कोमट कोमट’ वाटायचं. रक्त कुठल्या बाजूचं आहे हे कधीकधी रुग्णालाच आधी कळतं.

नाडी ११०, श्वास मिनिटाला २६, रक्तदाब ठीक, ऑक्सिजन ९३. हिमोग्लोबिन ९.६. नवा एक्स-रे काढला आणि २०११चा आणि हा, दोन्ही शेजारी लावले. पोकळी तीच, तिथेच. फक्त आता ती रिकामी नव्हती. तिच्यात एक गोळा होता आणि गोळ्याच्या वरच्या कडेला हवेची चंद्रकोर. सीटी करताना आधी उताणं झोपवलं, मग पालथं. गोळा पोकळीतल्या पोकळीत घरंगळला. घुंगरातला खडा जसा हलतो, तसाच.

ती बुरशी होती. अॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, जुन्या कडब्यात, ओलसर धान्यात, पडक्या भिंतींत. आपण सगळे रोज ते श्वासातून आत घेतो आणि धड फुफ्फुस ते साफ करून टाकतं. टीबीने ठेवून दिलेल्या पोकळीत मात्र साफसफाईची यंत्रणा नसते. तिथे बीजाणू रुजतात आणि वर्षानुवर्षं वाढत जाऊन धाग्यांचा, मेलेल्या पेशींचा, वाळलेल्या शेंबडाचा गोळा तयार होतो. यार्डातल्या पोत्यांच्या धुळीमुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही. यार्डात कधी पाय न ठेवलेल्या शाळामास्तरांमध्येही मी हेच पाहिलंय.

मग रक्त का? फुफ्फुसाला दोन वाटांनी रक्त येतं. एक वाट मोठी, हृदयाच्या उजव्या बाजूकडून, प्राणवायू घ्यायला आलेल्या सगळ्या रक्ताची. तिच्यात दाब कमी, पाटाच्या पाण्यासारखी संथ. दुसरी वाट बारीक श्वासनलिका-धमन्यांची. त्या थेट महाधमनीतून फुटतात, शरीरातल्या एकूण रक्तातला जेमतेम एक-दोन टक्का भाग त्यांतून जातो, पण दाब पूर्ण, मोटारीच्या पाइपसारखा. पोकळीभोवती सततची सूज राहिली की शरीर तिथे या दुसऱ्या जातीच्या नव्या धमन्या वाढवतं, फुगलेल्या, पातळ भिंतींच्या. त्यांतली एखादी पोकळीत फुटली की पिचकारी उडते. मोठ्या रक्तस्रावांपैकी सुमारे नव्वद टक्के याच बारीक धमन्यांतून होतात. म्हणूनच तो भरवशाचा नसतो. आठवडाभर नुसते धागे आणि मग एका खोकल्यात कपभर, असं होऊ शकतं.

त्याच दिवशी एकेटी थांबवली. हा निर्णय लिहायला सोपा आहे, घ्यायला नव्हता. रक्त पडणाऱ्या माणसाची टीबीची औषधं बंद करणारा डॉक्टर नातेवाइकांना वेडा वाटतो. बेडक्याचे दोन नमुने सूक्ष्मदर्शकाखाली निगेटिव्ह, सीबीनॅटही (बेडक्यात टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) निगेटिव्ह, जंतू वाढवून पाहायची तपासणी लावली (तिचा अंतिम निकाल ४२ दिवसांनी आला, निगेटिव्हच). आधी टीबी होऊन गेलेल्या माणसात सीबीनॅटसुद्धा डोळे झाकून वाचता येत नाही. मेलेल्या जंतूंचा डीएनए शिल्लक असेल तर ती अंधूक पॉझिटिव्ह येऊ शकते. इथे उलट होतं, सगळंच निगेटिव्ह. रक्तातल्या अॅस्परजिलस-विरोधी प्रतिपिंडांची तपासणी पाच दिवसांनी आली, बरीच वाढलेली.

आता माझी चूक. सोमवारी दुपारनंतर रक्त थांबलं होतं. मामा चहा मागत होते. आयसीयूत एक खाट रिकामी होती, पण मी त्यांना साध्या वॉर्डात ठेवलं. शांत पडलेल्या रक्तस्रावावर विश्वास ठेवला. रक्तगट तपासून दोन पिशव्या राखून ठेवल्या होत्या, रक्तस्राव थांबायला मदत करणाऱ्या ट्रानेक्झॅमिक अॅसिडची इंजेक्शनं सुरू होती, एवढं बरोबर केलं. रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी फोन आला.

मी पोचेपर्यंत वॉर्डातल्या सिस्टरांनी निम्मं काम केलं होतं. मामा उठून बसायला धडपडत होते, घाबरलेला माणूस उठतोच. त्यांनी मामांना उजव्या कुशीवर वळवलं आणि तसंच धरून ठेवलं. मामी ओरडत होत्या, “अहो, ज्या बाजूला दुखतंय त्याच बाजूवर कशाला?” कारण उजवं फुफ्फुस रक्त गाळत होतं आणि डावं चांगलं होतं. खराब बाजू खाली असली की रक्त तिथेच साचतं. चांगली बाजू खाली गेली असती तर रक्त तिकडे उतरलं असतं आणि श्वास घ्यायला काहीच उरलं नसतं. उताणं झोपवणंही धोक्याचंच.

किडनी ट्रेमध्ये अडीचशे मिलीच्या आसपास रक्त होतं. रक्तदान शिबिरात लोक हसत हसत ३५० मिली देऊन, बिस्किट खाऊन घरी जातात. खोकल्यातून रक्त पडून माणूस रक्त संपल्यामुळे क्वचितच जातो. घशापासून फुफ्फुसापर्यंतच्या नळ्यांची सगळी मिळून जागा साधारण १५० मिली असते, माझ्या खणातल्या कपाने दीड कप. ती भरली की माणूस आतल्या आत बुडतो. कोरड्या खाटेवर. म्हणून किती टक्के रक्त गेलं यापेक्षा किती वेगाने येतंय आणि खोकून बाहेर टाकायची ताकद आहे का, हे महत्त्वाचं. किती पडलं की ‘मोठा रक्तस्राव’ म्हणायचं यावर पुस्तकांत २४ तासांत १०० मिलीपासून ६०० मिलीपर्यंत आकडे सापडतात. मी त्या वादात पडत नाही. आधीच फुफ्फुस खराब असलेल्या माणसाचा एक कप हा धडधाकट माणसाच्या तीन कपांइतका.

पहाटे चारला जिल्ह्यातल्याच कॅथलॅब (रक्तवाहिन्यांत नळी घालून उपचार करायची खोली) असलेल्या दुसऱ्या रुग्णालयात फोन केला आणि साडेपाचला अॅम्ब्युलन्समध्ये मामांबरोबर मीही निघालो, ते पूर्ण वेळ उजव्या कुशीवर. तिथल्या रेडिओलॉजिस्टने जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर नेली, महाधमनीत शिरून रंगद्रव्य सोडलं आणि पडद्यावर ती धमनी उमटली. उगमापाशी अशी धमनी दोन मिलिमीटरच्या आत असायला हवी, मामांची साडेतीन होती, नागमोडी, शेंड्याला गुंता. छातीच्या पिंजऱ्याला रक्त देणाऱ्या आणखी एका धमनीनेही तिथे फांद्या धाडल्या होत्या. दोन्हींत प्लास्टिकचे सूक्ष्म कण सोडून त्या बुजवल्या. ही पद्धत १९७०च्या दशकात फ्रान्समध्ये डॉ. रेमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली आणि आजही मोठ्या रक्तस्रावात तिच्याइतकं भरवशाचं काही नाही. धोका एक, मज्जारज्जूला रक्त देणारी धमनी कधीकधी याच धमनीतून फुटते. ती बुजली तर पायांची ताकद जाते. म्हणून प्रत्येक वेळी कण सोडण्याआधी थांबून बघतात. सगळं दीड तासात झालं. मामा जागे होते. नंतर मला म्हणाले, “छातीत गरम पाणी सोडल्यागत झालं.” दोन दिवस छाती दुखली, ताप आला, मग उतरला. रक्त थांबलं.

थांबलं, पण बुरशी तिथेच होती. धमनी बुजवणं म्हणजे फुटलेल्या पाइपला चिंधी बांधणं. ज्या कारणाने धमन्या वाढल्या ते कारण राहिलं तर महिन्यांनी, वर्षांनी नव्या धमन्या येतात, आणि बुरशीच्या गोळ्यात हे फार वेळा होतं. कायमचा इलाज म्हणजे तो भाग शस्त्रक्रियेने काढणं. सर्जनना दाखवलं. फुंकून पाहिलेल्या चाचणीत मामांच्या फुफ्फुसाची क्षमता अपेक्षेच्या निम्म्याहून थोडी कमी. सर्जन म्हणाले, आत्ता नको.

मग बुरशीविरुद्धच्या इट्राकोनाझोल कॅप्सूल, २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. इथे जुन्या एकेटीने आणखी एक पाय अडकवला. रिफाम्पिसिन यकृताला असं कामाला लावतं की इट्राकोनाझोल रक्तात टिकतच नाही. बुरशीचं औषध आणि एकेटी ‘दोन्ही देऊन ठेवू, काहीतरी लागू पडेल’ असं केलं तर पहिल्याचा उपयोग शून्य. रिफाम्पिसिन थांबवल्यावरही हा परिणाम ओसरायला सुमारे दोन आठवडे जातात, म्हणून तेवढं थांबून कॅप्सूल सुरू केल्या. त्या भरल्या पोटी घ्यायच्या आणि आम्लपित्ताच्या गोळीबरोबर घ्यायच्या नाहीत, कारण जठरात आम्ल नसेल तर त्या नीट विरघळत नाहीत. आपल्याकडे प्रत्येक चिठ्ठीच्या वर सवयीने एक पित्ताची गोळी लिहिलेली असते. मामांच्या तीन जुन्या चिठ्ठ्यांवरही होती. ती पहिली काढली. किती महिने द्यायचं? चंडीगडच्या पीजीआयएमईआर या वैद्यकीय संस्थेत १६४ रुग्णांवर याच प्रश्नाचा अभ्यास झाला आणि २०२२ मध्ये छापून आला. सहा महिने औषध घेतलेल्यांत ३८ टक्के लोकांचा आजार उलटला, बारा महिने घेतलेल्यांत १० टक्के. मामांना मी बारा महिने सांगितलं. ते म्हणाले, एकेटीपेक्षा दुप्पट? मी म्हटलं, हो, पण या वेळी रोग कोणता ते माहीत आहे.

घरी जाताना मामींना मी जे सांगितलं ते असं. धागा दिसला, थेंब दिसला तर फोन करायचा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी यायचं, घाबरायचं नाही. एका दिवसात चमचे मोजावे लागले तर त्याच दिवशी, मुक्काम न करता. पाव कपाच्या वर गेलं, किंवा रक्ताबरोबर दम लागला, ओठ काळेनिळे दिसले, घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर एसटीची वाट बघायची नाही, १०८. गाडी येईपर्यंत उजवी कूस खाली, तोंड बाजूला, जे येतंय ते बाहेर थुंकायचं, गिळायचं नाही, खोकला दाबायचं औषध द्यायचं नाही, पाणीही पाजायचं नाही. सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि जुने एक्स-रे बरोबर. आणि मोजायचं. मामींनी घरातल्या कपाला नखपॉलिशने रेघ मारली. आधीचा, कान तुटलेला कप पुढच्या खेपेला मला आणून दिला. “ह्यो आता घरात कोण वापरंना. तुमालाच ऱ्हाऊ दे.”

मामांचं प्रकरण वाचून कोणी ‘रक्त पडलं तरी टीबी नसतो’ असा उलटा अर्थ काढेल, ती भीती मला आहे. आपल्या भागात खोकल्यातून रक्त पडलं तर टीबी किंवा टीबीने मागे ठेवलेली मोडतोड ही कारणं आजही यादीत अगदी वर आहेत. म्हणून थेंबभर रक्त पडलं तरी एक एक्स-रे आणि बेडक्याचे दोन नमुने, हे व्हायलाच हवं. सरकारी केंद्रात सीबीनॅट नाहीतर त्याच जातीची ट्रूनॅट तपासणी फुकट होते (ट्रूनॅटचं यंत्र गोव्यातल्या कंपनीचं आहे, एका बॅगेत मावतं, बॅटरीवर चालतं, हे मला उगीचच अभिमानाचं वाटतं). तक्रार आहे ती न तपासता सुरू केलेल्या एकेटीबद्दल, आणि जुन्या एक्स-रेशेजारी न ठेवता वाचलेल्या नव्या एक्स-रेबद्दल.

आणि यादी तिथे संपत नाही. त्याच वर्षी मी पाहिलेले तिघे सांगतो. चाळिशी ओलांडलेले, पंचवीस वर्षं विडी ओढणारे एक गृहस्थ, दोन आठवडे बेडक्यात नुसते धागे, बाकी ठणठणीत. श्वासनळीत कर्करोगाची गाठ. त्यांच्याकडे मामांइतकं रक्त कधीच पडलं नव्हतं, आणि तरी त्यांचा आजार जास्त वाईट होता. रक्ताचं प्रमाण घाई किती करायची ते सांगतं, रोग किती गंभीर ते नाही. दुसरी, सहा महिन्यांची गरोदर मुलगी, जिना चढताना दम आणि गुलाबी फेसाळ बेडका. लहानपणच्या सांधेतापाने हृदयाची झडप आकसलेली, कुणाला माहीतच नव्हतं. एक्स-रेच्या भीतीने तिला आठवडाभर घरी ठेवलं होतं. तिसरा कोकणात भातलावणीला गेलेला तरुण, चार दिवस ताप, पोटऱ्या प्रचंड दुखतात, डोळे लाल, आणि मग थुंकीत रक्त. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. त्यात फुफ्फुसात रक्तस्राव सुरू झाला की वेळ तासांत मोजावी लागते. पावसाळ्यात ताप आणि थुंकीत रक्त एकत्र दिसलं तर मी सकाळची वाट बघत नाही. एकच पाय सुजलेला आणि अचानक दम लागून रक्त पडलं, तरीही नाही, कारण पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेलेली असू शकते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्यांनी हिरड्यांचं असेल म्हणून सोडून देऊ नये.

मामांनी बारा महिने पूर्ण केले. पायांना सूज आली तेव्हा मात्रा काही दिवस कमी केली, यकृताच्या तपासण्या नीट राहिल्या. वजन सहा किलोंनी वाढलं. यार्डात आता ते पोती उचलत नाहीत, काट्यावर चिठ्ठ्या लिहितात, मजुरी कमी मिळते. एक्स-रेवर गोळा थोडा लहान झालाय, चंद्रकोर रुंद. गेला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये रात्री सव्वादहाला फोन आला. मामीच. “रेघंच्या खालीच हाय डॉक्टर. दोन चमचं. ह्यांला उजव्या कुशीवर निजवलंय. दम न्हाई.” मी म्हटलं, पुन्हा पडलं तर १०८, नाहीतर सकाळी या. सकाळी आठला बाकावर होते, कॅरीबॅगसह. सीटीवर शेंड्याशी एक नवी धमनी दिसली. चार दिवसांनी ती बुजवली, या वेळी दिवसाढवळ्या, ठरवून. फुंकायची चाचणी आता जरा बरी आहे, त्यामुळे सर्जनना पुन्हा दाखवायचं ठरलंय. ते तारीख द्यायला तयार आहेत. मामी म्हणतात, हळदीचा हंगाम उरकू दे.